इंजिनाची नाडीपरीक्षा

बेळगाव-खानापूरच्या आमच्या सीमाभागात मराठी कुटुंबांचा संसार ज्या गोष्टींवर चालतो त्यांत शेत, दुभते जनावर आणि नोकरी यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे मागे उघडा हौदा असलेली, माल वाहणारी छोटी डिझेल गाडी. सारे तिला ‘पिकअप’ म्हणतात. रात्री भाजीचे क्रेट भरून ती गोव्याची वाट धरते, दुपारपर्यंत परतते आणि संध्याकाळी कुणाच्या बांधकामाच्या विटा नाही तर लग्नघरच्या मांडवाचे सामान वाहते. मुलाने नोकरीची आशा सोडली की वडील शेताचा एखादा तुकडा अडकवून त्याला अशी गाडी घेऊन देतात. बहुधा जुनीच, कारण नवी झेपत नाही. ही गाडी चालते तोवर घर चालते. ती धापा टाकू लागली की घरात कुणाला जेवण गोड लागत नाही.

मराठीचे अध्यापक या नात्याने आम्हांस या गाडीच्या भाषेचे नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. गाडीचे नाव ‘पिकअप’ आणि तिच्याविषयीची मुख्य तक्रारही ‘पिकअप घेत नाही’ अशीच! याशिवाय ती ‘मिसिंग मारते’, ‘एअर घेते’, ‘बॅक कम्प्रेशन मारते’. नाम इंग्रजी, क्रियापद मराठी आणि उच्चारणारा मिस्त्री घरी कानडी, दखनी किंवा कोकणी बोलणारा, असा हा खास आमच्या मुलखातला त्रिवेणी संगम आहे. परंतु या शब्दांचे महत्त्व केवळ भाषिक नाही. ज्याला त्यांचा नेमका अर्थ उमगला, त्याचे हजारो रुपये वाचतात. ज्याला तो उमगत नाही, त्याला गॅरेजात कुणीही काहीही सांगून जाते. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या दारात अशी गाडी उभी असेल, किंवा कुणा भाच्या-पुतण्याच्या दारात असेल. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून आमच्या पाहण्यात आलेले एक उदाहरण येथे मांडीत आहोत.

आमच्या थोरल्या भगिनीचे यजमान अकाली गेले. त्यांचा एकुलता मुलगा, म्हणजे आमचा भाचा, बारावीनंतर शिक्षण सोडून याच व्यवसायात पडला. त्याची गाडी २००५ सालची, चार सिलिंडरांची, जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाची. बेळगावहून भाजी भरायची, जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा, साखळीमार्गे म्हापशाचा बाजार उजाडायच्या आत गाठायचा, आणि रिकामे क्रेट व जमल्यास थोडे नारळ घेऊन तोच घाट चढून परत यायचे, हा त्याचा क्रम. भाजीच्या धंद्यात पहाटेच्या एका तासाची किंमत फार मोठी असते. पाचला पोहोचलेल्या कोबीला जो भाव मिळतो, तो आठला पोहोचलेल्या कोबीला मिळत नाही.

एका पावसाळ्यानंतर या गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी सुरू होताना ती खूप वेळ घेई. झाली तरी पांढरा धूर सोडीत सारे अंग थरथरवी. परतीच्या वाटेवर केरी गाव मागे टाकून घाट चढू लागली की दहा-पंधरा मिनिटांत तिचा जोर सरे. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला. नवल असे की तेथे थोडा वेळ विसावा घेतला की ती पुन्हा काही अंतर निमूटपणे चढे. हौदा जवळजवळ रिकामा असताना ही अवस्था!

भाच्याने दोन-तीन ठिकाणी गाडी दाखविली. एका गॅरेजात डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्याने पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून दिले. त्यामुळे जोर आला नाही, काळा धूर मात्र आला. तिसऱ्याने गाडीभोवती एक चक्कर मारून निदान सांगितले, “हाफ इंजिनचं काम आहे. रिंग-पिस्टन गेलेत.” अंदाजे खर्च ७०,००० रुपये. चौथ्या एका हितचिंतकाने भंगाराचा भाव सांगितला. त्या आठवड्यात भगिनी आमच्याकडे आली, ती बांगड्यांच्या पिशवीसह. भाचा म्हणाला, “मामा, आता गाडी विकतो आणि वेर्ण्याला कारखान्यात कुठंतरी चिकटतो.” ७०,००० रुपयांचा प्रश्न तर होताच, परंतु त्याहून मोठा प्रश्न असा की तेवढा खर्च करूनही गाडी घाट चढेल याची हमी कोण देणार?

आम्ही भगिनीस बांगड्या परत घेऊन जावयास सांगितले आणि एका रविवारी भाच्याला व गाडीला घेऊन आमच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांची दोन मुले आमच्या शाळेत शिकून गेली. खानापूर रस्त्यावर त्यांचे पत्र्याचे छोटे गॅरेज आहे. त्या दिवशी चार-पाच तास आम्ही तेथे एका लाकडी पेटीवर बसून जे पाहिले, त्यास नाडीपरीक्षा हाच शब्द योग्य आहे.

ते सांगण्यापूर्वी डिझेल इंजिनाची घडण थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. हे इंजिन ज्याच्या नावाने ओळखले जाते तो रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिस येथे जन्मला, आणि १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी ठरले. त्याच्या कल्पनेतील नावीन्य असे की पेट्रोल इंजिनात असते तशी ठिणगी येथे नाही. सिलिंडरात केवळ हवा शिरते. दट्ट्या वर येतो आणि ती हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्शात कोंबली जाते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते, हा अनुभव सर्वांस आहे. तोच प्रकार येथे इतक्या तीव्रतेने घडतो की हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. नेमक्या त्या क्षणी नोझलच्या बारीक छिद्रांतून डिझेल धुक्यासारखे उडते आणि आपोआप पेट घेते. जुन्या इंजिनांत हे नोझल उघडण्यास साधारणपणे १२० ते २५० बार एवढा दाब लागतो. म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या शेकडोपट.

यावरून तीन गोष्टी निघतात. पुरेशी दाबलेली हवा हवी, धुके झालेले इंधन हवे आणि दोहोंची गाठ योग्य क्षणी पडावयास हवी. तिन्हींपैकी एक जरी चुकली तरी स्फोट होत नाही, किंवा अर्धामुर्धा होतो. त्यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. इंजिन सावकाश, म्हणजे मिनिटाला सुमारे ७५० फेरे घेत असते, तेव्हा प्रत्येक सिलिंडराची पाळी सेकंदाला सहा वेळा येते. चौघांचे मिळून पंचवीस ठोके. त्यांतला एक जण गप्प बसला की सेकंदाला सहा वेळा खंड पडतो, आणि गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरते.

मिस्त्रींनी प्रथम बॉनेट उघडले नाही. त्यांनी भाच्याला समोर बसविले व प्रश्न विचारले. त्रास थंड असताना की गरम झाल्यावर? भरलेली असताना की रिकामी? एकदम आला की हळूहळू वाढला? आणि सर्वांत शेवटी, “त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीला काय काय झालं होतं? आठवून सांग बघू.” भाच्याने आठवून आठवून सांगितले की आषाढात टाकीचे झाकण कुठेतरी पडले, दोन-तीन दिवस तोंडाला प्लॅस्टिक बांधून गाडी चालविली, मग बाजारातून बसेल असे दुसरे झाकण आणून लावले. आम्हांस ही गोष्ट क्षुल्लक वाटली. मिस्त्रींनी मात्र मान हलविली आणि पुढचा प्रश्न विचारला.

नंतर ते म्हणाले, “गुरुजी, ही एक तक्रार नव्हे, दोन आहेत. थरथरतंय ते एकाचं दुखणं. घाटात दमतंय ते चौघांचं दुखणं. दोन्ही एका पोत्यात घातलं की मग हाफ इंजिन निघतंय बघा.”

या एका वाक्यात निदानाचे सारे व्याकरण आहे. एका सिलिंडरापुरता दोष असेल तर त्याचे कारण त्या एकाच्याच मालकीच्या वस्तूंत शोधावयाचे: त्याचे नोझल, त्याची नळी, त्याच्या झडपा, त्याच्या रिंगा. चारही सिलिंडर एकदम दमत असतील तर कारण सामाईक वस्तूंत असते: टाकी, फिल्टर, पंप, हवा शिरण्याची वाट, धूर जाण्याची वाट. वर्गात एक मुलगा मागे पडत असेल तर त्याच्या घरी चौकशी करावी. सारा वर्गच मागे पडत असेल तर मास्तरांची चौकशी करावी, हा न्याय आम्हांस परिचयाचा होता.

मिस्त्रींनी सामाईक दुखणे आधी हाती घेतले, आणि तेही बिनखर्चाच्या बाजूने. प्रथम चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहिली. कारण ब्रेक चिकटून राहिला की दोष चाकाचा आणि शिवी इंजिनाला, असे पुष्कळदा घडते. मग भाच्याला पेडल पूर्ण दाबावयास लावून पंपावरचा दांडा शेवटपर्यंत जातो की नाही ते पाहिले. पायाखालचे रबरी पायपुसणे पेडलखाली आल्याने पूर्ण रेस न मिळणाऱ्या गाड्या त्यांनी पाहिल्या आहेत. हवेचा फिल्टर काढून उजेडासमोर धरला. या तिन्ही गोष्टी निर्दोष होत्या, आणि त्या पाहण्यास एक रुपयाही लागला नाही.

मग त्यांनी टाकीच्या झाकणाजवळ कान नेला. गाडी अर्धा तास चालून आली होती. झाकण सैल करताच ‘फुस्स’ असा लांब आवाज आला. मिस्त्री हसले. त्यांनी झाकण आमच्या हाती दिले. मजबूत, गुळगुळीत, नवे झाकण. त्याला श्वासाचे छिद्रच नव्हते!

आमच्या गृहिणींना हे शास्त्र शिकवावयास नको. तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडले तर तेल गुटगुट करीत अडखळत येते. दुसरे भोक पाडले की धार सरळ लागते. जेवढे तेल बाहेर, तेवढी हवा आत. या इंजिनांच्या टाकीला हवा झाकणातूनच मिळते. छिद्र नाही म्हणजे डिझेल कमी होईल तशी टाकीत पोकळी निर्माण होणार आणि ती डिझेलला मागे खेचणार. सपाटीवर इंजिनाची भूक थोडी, म्हणून निभावते. घाटात भूक वाढते, पंप ओढतो, टाकी सोडीत नाही. चारही सिलिंडर उपाशी राहतात. रस्त्याच्या कडेला विसावा घेतल्यावर कुठल्यातरी फटीतून हवा हळूहळू आत झिरपते, आणि गाडीला पुन्हा थोडा दम येतो. इतकेच नव्हे, तर ही पोकळी जुन्या रबरी नळीच्या जोडांतूनही हवा ओढून घेते. डिझेलचा थेंब सांडत नाही, पण बुडबुडे आत जातात. यालाच ‘एअर घेणे’ म्हणतात. बुडबुडा दाबला जातो, डिझेल दाबले जात नाही. म्हणून नळीत बुडबुडा असला की नोझल उघडण्याइतका दाबच चढत नाही, आणि सकाळी गाडी सुरू होता होत नाही. मिस्त्रींनी नळीचा एक तुकडा काढून तेथे तात्पुरती पारदर्शक नळी बसविली आणि ते बुडबुडे आम्हांस डोळ्यांनी दाखविले. नंतर रबरी नळीची कडक झालेली टोके कापली, नव्या क्लिपा घातल्या, जोडावरचे तांब्याचे वायसर बदलले, आणि हातपंप दाबून सारी हवा काढली.

आता उरले एकाचे दुखणे. चार सिलिंडरांतील मुका कोणता, हे ओळखावयाचे कसे? यासाठी मिस्त्रींनी जी युक्ती केली ती पाहून आम्हांस आमची शाळा आठवली. पहिल्या इयत्तेत चार मुले एका सुरात पाढे म्हणत असतात. त्यांतील एक जण नुसतेच ओठ हलवीत असतो. एकत्र सुरात तो लपून जातो. कसलेला शिक्षक काय करतो? एकेकाला क्षणभर गप्प बसवितो. खरोखर म्हणणारा थांबला की सूर खाली येतो. ज्याला थांबविल्याने सुरात काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच गप्प होता!

मिस्त्रींनी नेमके हेच केले. इंजिन मंद गतीवर ठेवून नोझलकडे जाणाऱ्या पहिल्या नळीचा नट पान्याने किंचित सैल केला. त्या सिलिंडराचे डिझेल बाहेर ओघळले. इंजिनाचा सूर एकदम पडला, गाडी अधिकच थरथरली. नट पुन्हा कसला. दुसऱ्याला तेच केले, तोच परिणाम. तिसऱ्याचा नट सैल केला. सुरात काडीचाही फरक नाही. चौथ्याला पुन्हा सूर पडला. मुका तिसरा होता.

येथे वाचकांस कळकळीचा इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. हा प्रयोग स्वतः करू नये. या नळीतील डिझेलची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरू शकते. वर नुसता टाचणीचा ठिपका दिसतो, पण आत हात सडू शकतो. तसे घडल्यास दुखण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे व काय घडले ते डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. आणि अलीकडच्या ज्या गाड्यांत ‘कॉमन रेल’ पद्धत असते, त्यांत हा दाब १००० बारच्याही वर जातो. त्या गाड्यांचा नट कुणीही, मिस्त्रींनीसुद्धा, चालू इंजिनावर सैल करावयाचा नसतो. त्यांची परीक्षा संगणकाच्या साहाय्याने करावी लागते. येथील सारे विवेचन जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांपुरतेच आहे.

तिसरा सिलिंडर मुका का? कारणे दोन गटांतली: एक तर त्याला इंधन नीट मिळत नाही, किंवा त्याची हवा नीट दाबली जात नाही. दुसरे खरे असेल तर ७०,००० रुपयांचे निदान बरोबर ठरणार होते. भाच्याचा चेहरा या क्षणी पाहण्यासारखा झाला होता. मिस्त्रींनी इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडराच्या नोझलांची अदलाबदल केली. बाकी कशालाही हात लावला नाही. इंजिन सुरू करून तीच परीक्षा पुन्हा घेतली. आता तिसरा बोलू लागला होता आणि दुसरा गप्प झाला होता.

दोष नोझलबरोबर चालत गेला! म्हणजे सिलिंडर निर्दोष, त्याच्या रिंगा निर्दोष, पंपाची त्याच्या वाट्याची धार निर्दोष. दोष त्या बोटभर लांबीच्या तुकड्याचा. या अदलाबदलीत एक पैसाही खर्च झाला नाही. गेला तो अर्धा तास आणि दोन तांब्याची वायसरे. आम्ही महाविद्यालयात तर्कशास्त्र पढलो. अन्वय आणि व्यतिरेक यांचे इतके निर्मळ प्रात्यक्षिक मात्र आम्ही त्या पत्र्याच्या गॅरेजातच पाहिले.

तरीही मिस्त्रींनी रिंग-पिस्टनची शंका तशीच सोडून दिली नाही. चालू इंजिनाचे ऑइल ओतण्याचे झाकण उघडून त्यावर तळहात धरला. रिंगा झिजल्या असतील तर तेथून धूर ढुसण्या मारीत बाहेर येतो. हेच ते ‘बॅक कम्प्रेशन’. येथे केवळ मंद फुंकर लागत होती. ऑइल कमी होत नव्हते, निळा धूर नव्हता, रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. डिपस्टिक काढून ऑइलचा वास मात्र त्यांनी दोनदा घेतला. मुक्या सिलिंडरातील न जळलेले डिझेल भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. मग ऑइल पातळ होते आणि चांगल्या इंजिनाचेही बेअरिंग खाऊन टाकते. म्हणून मिसिंग मारणारी गाडी ‘चालतेय तोवर चालवू’ म्हणून रेटणे हे सर्वांत महाग पडते. ऑइलला डिझेलचा वास होता. ते बदलावयाचे ठरले.

नोझल शहरातील पंप दुरुस्तीच्या दुकानात हातयंत्रावर तपासण्यात आले. चांगले नोझल ठरावीक दाबाला कर्रकर्र आवाज करीत धुके उडविते आणि लगेच कोरडे होते. हे ठरल्या दाबाच्या बरेच आधी उघडत होते, आणि धुक्याऐवजी धार सोडून टोकाशी थेंब धरीत होते. थेंब नीट जळत नाही. थंड इंजिनात तो वाफ होऊन पांढरा धूर बनतो. सकाळच्या पांढऱ्या धुराचे रहस्य ते हेच. दुकानदाराने नोझलच्या सुईवर गंजाचे डाग दाखविले. ही सुई आपल्या घरात काही सहस्रांश मिलिमीटरच्या फटीने बसलेली असते. पाण्याचा एक थेंबही तिला पुरतो. मिस्त्रींनी टाकीचा तळ रिकामा केला, तेव्हा बाटलीत डिझेलखाली दोन बोटे पाणी उभे राहिले. त्यांचा तर्क असा की आषाढात प्लॅस्टिक बांधून गाडी चालविली त्या दोन-तीन दिवसांत ते शिरले. हरवलेल्या एका झाकणाने आधी पाणी आत येऊ दिले, आणि त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या झाकणाने हवा आत येऊ दिली नाही. दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच निघाले.

नवी नोझलची टोपी, वायसरे, नळ्या, क्लिपा, टाकीची सफाई, ऑइल, नवा डिझेल फिल्टर आणि छिद्र असलेले योग्य झाकण. दुसऱ्या गॅरेजाने फिरविलेला पंपाचा स्क्रू दुकानातील यंत्रावर पुन्हा ठरल्या मापाला आणला गेला. मिस्त्रींच्या मजुरीसह सारे १०,००० रुपयांच्या आत बसले. त्यातही पंपाच्या कामाचा वाटा मोठा, आणि ते काम मूळच्या रोगाचे नव्हे, आधीच्या उपचाराचे होते. पुढल्या रविवारी आम्ही भाच्याबरोबर म्हापशापर्यंत गेलो. परतताना केरी सुटले, वळणे सुरू झाली, आणि तिसऱ्या गिअरवर एका संथ लयीत गाडी चोर्ल्याच्या माथ्यावर आली. भाचा सारा घाट एक शब्द बोलला नाही. तो ऐकत होता. वेर्ण्याचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

या प्रकरणातून व्यवहारात उपयोगी पडतील अशा काही गोष्टी नोंदवून ठेवाव्यात असे वाटते. धुराचा रंग हे इंजिनाचे सर्वांत बोलके लक्षण होय. काळा म्हणजे इंधन अधिक किंवा हवा कमी; पांढरा म्हणजे इंधन न जळता वाफ होत आहे; निळा म्हणजे ऑइल जळत आहे. मंद गतीवर थरथर असेल आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर एखादा सिलिंडर मुका असण्याचा संभव अधिक. मंद गतीवर गाडी उत्तम आणि चढावर दमत असेल तर टाकीपासून पंपापर्यंतची वाट आधी पाहावी. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढण्याचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो आठवड्यातून एकदा सैल करून पाणी काढून टाकावे. टाकी रात्री शक्यतो भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेतील दमट हवेचे रात्री पाणी होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पहिल्या तीन गॅरेजांतील माणसे अडाणी नव्हती. फिल्टर बदलणे हा काही चुकीचा उपाय नव्हे. परंतु गाडी ऐकून घेण्याआधीच प्रत्येकाचे उत्तर तयार होते, आणि पंपाचा स्क्रू फिरविल्याने तर मूळ लक्षणांवर एका नव्या लक्षणाचे आवरण चढले. जुन्या यंत्राविषयी ‘आता वय झाले’ हे निदान फार सोयीचे असते, कारण त्यानंतर कुणालाच शोध घ्यावा लागत नाही. वय झालेल्या इंजिनाचेही झाकण चुकीचे असू शकते, याचा विचार करण्यास मात्र थोडी सवड आणि पुष्कळ आदर लागतो.

मिस्त्रींच्या मुलांपैकी एक आता पुण्यास संगणकाच्या नोकरीत आहे, दुसरा दुबईस. कान लावून, अदलाबदल करून, वास घेऊन केलेली ही परीक्षा त्यांच्यामागे कोण करील, हा प्रश्न आम्ही त्यांना विचारला नाही. त्यांनीच हात पुसता पुसता भाच्याकडे बोट दाखवून म्हटले, “गुरुजी, ह्याला घरी बसला की पाठवा माझ्याकडे. ऐकायला येतंय ह्याला.” तेव्हापासून दर सोमवारी, बाजाराला सुट्टी असते त्या दिवशी, भाचा त्या गॅरेजात जातो. गेल्या महिन्यात नंदगडच्या एका शेतकऱ्याच्या गाडीतला मुका सिलिंडर त्यानेच शोधून काढला.